ट्रॉल्या मोजल्या कुणी? पुरानंतर गाळ उचलायच्या ठेक्याचं एक प्रकरण

सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात शेतीचं काय झालं यावर बरंच लिहून आलं, पंचनामे, खरडून गेलेल्या जमिनी, सरकारचं ३१,६२८ कोटींचं पॅकेज, भूम-परांड्याकडं तर लोकांना हेलिकॉप्टरनं उचलून काढावं लागलं. हे सगळं लिहायलाच पाहिजे होतं. पण पाणी ओसरल्यावर गावातला गाळ, पडलेल्या भिंती, सडलेलं सामान उचलायला नगरपालिकांनी जे ठेके दिले, त्या कामावर नजर कुणी ठेवली, हा विषय कुणी काढत नाही. मी सिव्हिल इंजिनिअरिंगचा माणूस आहे, त्यामुळं अशाच एका नगरपालिकेचे कागद तिथल्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी माहिती अधिकारात काढून माझ्याकडं आणून टाकले, की बाबा हे बघून सांग यात काय चुकतंय. गावाचं आणि कुणाचंच नाव लिहीत नाही, आकडेही गोल केलेत, गणित समजण्यापुरते. प्रकरण मात्र पूर्ण सांगतो कारण पुढच्या पावसाळ्यात हे कुठल्याही गावात होऊ शकतं.

गाव नदीकाठचं, क वर्ग नगरपालिका. पाणी एका आठवड्यात दोनदा आत शिरलं. खालचे वॉर्ड, आठवडी बाजाराचं मैदान, दोन नाले आणि बाजारगल्ली, एवढ्या भागात कुठं घोट्याएवढा तर कुठं गुडघ्याएवढा गाळ. आणि नुसता गाळ नाही, त्यात वाहून आलेलं सोयाबीन, कडबा, पत्रे, गाद्या, किराणा दुकानातलं भिजून फुगलेलं धान्य, मेलेली जनावरं. वास असा की तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय गल्लीत शिरता येत नव्हतं. साथ पसरायची भीती खरी होती, नेत्यांचे दौरे चालू होते, वरून रोज फोन येत होते, त्यामुळं मुख्याधिकाऱ्यांनी तिसऱ्या दिवशी तोंडी आदेशावर काम सुरू केलं त्यात मला काही गैर वाटत नाही. त्या परिस्थितीत महिनाभर टेंडर टेंडर करत बसणं हाच गुन्हा ठरला असता. गैर आहे ते पुढचं.

गावात आधीपासून घनकचऱ्याचा ठेका एका एजन्सीकडं होता, तिलाच वाढीव कामाचा आदेश दिला. जेसीबी तासावर, ट्रॅक्टर ट्रॉली खेपेवर. आदेशात कारण लिहिलं ‘आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५० अन्वये निविदेशिवाय’. हे कलम मी नीट वाचलंय, आणि हे प्रत्येक नगरसेवकानं वाचावं असं मला मनापासून वाटतं. बचाव आणि मदतकार्यासाठी तातडीची खरेदी किंवा साधनं लागणार आहेत अशी खात्री राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची पटली, तर ते प्राधिकरण संबंधित विभागाला तशी खरेदी करायला अधिकार देऊ शकतं आणि तेवढ्यापुरती निविदेची पद्धत माफ होते. म्हणजे खात्री पटायला पाहिजे जिल्हा प्राधिकरणाची, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. नगरपालिकेनं आपल्या आपण ‘कलम ५०’ असं आदेशाच्या डोक्यावर लिहून चालत नाही. ह्या फायलीत जिल्हा प्राधिकरणाचा तसा आदेश कुठंच नाही, फक्त कलमाचा उल्लेख. आणि काम चाललं पाच आठवडे. पहिल्या आठवड्यात गल्लीतला गाळ काढणं हे मदतकार्य, कबूल. पाचव्या आठवड्यात बाजार मैदानाचं सपाटीकरण त्याच आदेशावर, त्याच दरानं, हे कसलं मदतकार्य?

दुसरी वाट नगरपरिषद अधिनियम १९६५ ची. त्यातल्या कलम ५८(२) प्रमाणे अध्यक्षाला आणीबाणीत काम करून घ्यायचा अधिकार आहे, पण ते लगेच समितीला आणि पुढच्या सभेला कळवावं लागतं. ही चांगली तरतूद आहे, तातडीही होते आणि विचारणाराही राहतो. पण निवडणुका रखडल्यामुळं तेव्हा तिथं मुख्याधिकारीच प्रशासक होते (मतदान शेवटी डिसेंबर २०२५ मधे झालं). आदेश देणारा तोच, कळवायचं ज्या सभेला तिचे अधिकारही त्याच्याकडंच. त्या पाच आठवड्यांत ‘हे बिल दाखवा’ म्हणायचा अधिकार असलेला एकही निवडून आलेला माणूस त्या इमारतीत नव्हता. माझ्या मते ह्या प्रकरणाचं मूळ इथंच आहे, माणसाच्या दानतीपेक्षा ह्या रिकाम्या जागेत.

आता देखरेख कशी होती ते बघा. खेपा लिहायचं रजिस्टर एजन्सीच्या मुकादमाकडं. संध्याकाळी स्वच्छता निरीक्षक येऊन खाली सही करायचे. त्यांचीही अडचण समजून घ्या, त्यांच्याकडं तेव्हा पाण्याचे टँकर, फवारणी, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, सगळं एकट्याच्या गळ्यात होतं. पण रजिस्टर वाचलं तर अर्ध्या तासात कळतं की हे लिहिलेलं आहे, मोजलेलं नाही. बाजारगल्लीत सहा ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या रोज २० खेपा, म्हणजे १२० ट्रॉल्या. तिथं जेसीबी एकच, कारण दुसरा आत जाऊच शकत नव्हता. गाळ खरवडून गोळा करायचा, ट्रॉली मागं घ्यायची, भरायची, बाहेर काढायची, एका ट्रॉलीला दहा मिनिटं धरा आणि हे मी कमीच धरतोय. तासाला सहा. दहा तास मशीन एकदाही बंद न करता, ड्रायव्हरनं भाकरीही न खाता चाललं तरी साठ. मग उरलेल्या साठ ट्रॉल्या भरल्या कुणी? टाकायची जागा गावाबाहेरच्या गायरानात, चार किलोमीटर, चिखलाचा रस्ता. भरून जाणं, ओतणं, परत येणं, वर भरण्याचा वेळ धरून पाऊण तासाच्या खाली होत नाही, म्हणजे दहा तासात एका ट्रॅक्टरच्या तेरा खेपा झाल्या तरी खूप. वीस कशा?

जेसीबीचे तास पण असेच. रोज ‘स. ८ ते सायं. ६, १० तास’. एका दिवशी गावात दुपारपासून पुन्हा धो धो पाऊस, सगळ्या गावाला आठवतोय तो दिवस, त्याही दिवशी दहा तास. प्रत्येक जेसीबीला अवर मीटर असतो, मशीन किती तास चाललं ते दाखवणारा, सकाळचं आणि संध्याकाळचं रीडिंग लिहायला मिनिटभर लागतं, फुकटचं काम. संपूर्ण रजिस्टरमधे एकही रीडिंग नाही.

आणि ट्रॉली म्हणजे किती? बिलात प्रत्येक खेप एक ब्रास धरलीय, ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण ओला गाळ काठोकाठ भरला तर रस्त्यानं सांडत जातो, म्हणून ट्रॅक्टरवाले पाऊण भरूनच नेत होते, हे गल्लीतल्या पोरालाही माहिती होतं. कुठल्या ट्रॉलीचं माप किती, हे काम सुरू व्हायच्या आधी टेपनं मोजून ट्रॉलीवर रंगानं नंबर टाकलाय का, तर नाही. ह्यात ट्रॅक्टरवाल्यांना दोष द्यायला मला जमत नाही, कारण ते आजूबाजूच्या गावातले शेतकरीच होते, ज्यांचं सोयाबीन त्याच पुरात गेलं होतं. आदेश एजन्सीच्या नावावर, काम पोटठेक्यावर, आणि पोटठेक्यात मिळणारा दर बिलातल्या दरापेक्षा बराच खाली. कमी दरात जास्त खेपा मारायच्या तर माणूस ट्रॉली पूर्ण भरणार नाहीच.

गाळ उचलायचं काम इतर कामांसारखं नसतं, हे इथं नीट सांगायला पाहिजे. रस्ता केला तर दोन वर्षांनीही कोअर (भोक पाडून थरांचा नमुना) काढून जाडी बघता येते. नाली बांधली तर टेप लावता येतो. गाळ एकदा उचलला की मोजायला मागं काहीच उरत नाही, स्वच्छ रस्ता दिसतो आणि तो किती ट्रॉल्यांनी स्वच्छ झाला ते रस्ता सांगत नाही. म्हणून मोजमाप पुस्तकात नंतर काहीही भरता येतं. देखरेख ह्या कामात नंतर करताच येत नाही, ती त्या क्षणी तिथं उभं राहूनच होते.

एकच जागा होती जिथं नंतरही थोडाफार अंदाज लागला असता, ती म्हणजे गायरानातला ढीग. लांबी, रुंदी, सरासरी उंची, अगदी साध्या टेपनं. पण ढीग आम्ही बघायला गेलो तोवर निम्मा गायब. काही शेतकऱ्यांनी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ह्या धरणातला गाळ शेतात टाकायच्या सरकारी योजनेसारखं समजून नेला, काही कुणीतरी विकला. धरणातला गाळ वेगळा आणि हा वेगळा हो, ह्यात काचा, प्लास्टिक, दुकानातली कीटकनाशकं, गटारातलं पाणी सगळं मिसळलेलं होतं. तो रानात पसरू नका असं सांगायलाही तिथं कुणी नव्हतं. पत्रे, लोखंड, लाकूड ह्या भंगाराचं काय झालं ह्याची तर फायलीत एक ओळ नाही. आदेशात भंगार कुणाच्या मालकीचं हेच लिहिलेलं नाही, म्हणजे जो उचलेल त्याचं.

इथं सगळ्यात वाईट वाटलं ती गोष्ट पडलेल्या घरांची. पांढऱ्या मातीची, दगडाची जुनी घरं, पाण्यात भिजून बसलेली. पूर्ण पडलेल्या घराला आपत्ती निधीच्या निकषात १,२०,००० रुपये आहेत, पण त्याला पंचनामा लागतो. तलाठ्यांकडं दहा-बारा गावं, ते यायला वेळ लागत होता, आणि इकडं एजन्सीला खेपा दाखवायच्या होत्या म्हणून भिंतींचा ढिगारा सगळ्यात सोपा, एका जागी भरपूर माल. एक आजी तीन दिवस स्वतःच्या ढिगाऱ्यावर बसून होती, जेसीबी आला की उठायचीच नाही. ‘तलाठी येऊ द्या, फोटू काढू द्या, तवर हात लावायचा न्हाई’, एवढंच म्हणायची. तिचं घर पंचनाम्यात आलं. शेजारच्या गल्लीत दोन घरांचा ढिगारा आधीच उचलला गेला होता, तिथं मोकळी जागा दिसली आणि ‘अंशतः’ लिहिलं गेलं. किल्लारीच्या वेळचे लोक अजून आहेत आपल्याकडं, ३० सप्टेंबर १९९३ नंतर ढिगारे उपसणं म्हणजे काय असतं हे त्यांना विचारा, त्यात माणसाचं अख्खं घर असतं, दागिना, जमिनीचे कागद, सागवानी तुळई. तो कचरा नसतो. खाजगी घराचा ढिगारा मालकाच्या सहीशिवाय आणि पंचनाम्याच्या नंबराशिवाय उचलायचा नाही, ही अट आदेशात एका ओळीत बसते. ती नव्हती.

बरं, देखरेखीला कुणीच नेमलं नव्हतं असंही नाही. तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आल्यावर एक सल्लागार संस्था नेमली, त्रयस्थ तपासणीसाठी. फी किती, तर अंतिम बिलाच्या टक्केवारीत! म्हणजे बिल जेवढं फुगेल तेवढी तपासणाऱ्याची फी वाढणार. हे नेमतानाच कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? त्यांचा माणूस दिवसातून एकदा यायचा, जीपीएसवाल्या ॲपनं फोटो काढायचा आणि जायचा. फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ सगळं येतं, पण जमिनीवर उभं राहून काढलेल्या फोटोत ट्रॉलीची बाजू दिसते, ती आतून किती भरलीय ते दिसत नाही. आणि त्यांनी प्रमाणपत्र दिलं ते पहिल्या दिवसापासूनच्या खेपांचं, जेव्हा ते तिथं नव्हतेच.

ह्याबाबतीत अमेरिकेतली पद्धत मला पटते. तिथं चक्रीवादळानंतर शहरं ढिगारा उचलायचा ठेका देतात आणि फेमा नावाची केंद्राची संस्था नंतर त्याचा बराचसा खर्च भरून देते, पण कागद दाखवल्यावरच. प्रत्येक ट्रक आधी मोजून त्यावर नंबर आणि क्षमता लावतात, भरताना चिठ्ठी फाडतात, टाकायच्या जागी उंच मचाणावर माणूस बसवतात जो वरून बघून ट्रक किती टक्के भरलाय ते त्या चिठ्ठीवर लिहितो. आणि उचलणारा वेगळा, मोजणारा वेगळा. चिठ्ठी नसेल तर त्या खेपेचे पैसे नगरपालिकेच्या अंगावर येऊ शकतात. आपल्याकडंही आपत्ती निधीत सार्वजनिक जागेतला ढिगारा काढायचा खर्च बसतो, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आतला. गंमत नाही, चिंतेची गोष्ट ही की शेतातल्या गाळाला ३ इंचांपेक्षा जास्त थर आहे का हे अधिकाऱ्यानं प्रमाणित करावं लागतं तेव्हा हेक्टरी १८,००० मिळतात, शेतकऱ्याचं माप एवढं काटेकोर, आणि शहरातल्या गाळाला ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणून जे रजिस्टर येईल ते.

बदल झाला तो चौथ्या आठवड्याच्या शेवटी, नाल्यातला राडारोडा काढायच्या वेळी. व्यापाऱ्यांनी वरचं साठ आणि एकशे वीसचं गणित एका पानावर लिहून जिल्ह्याच्या कार्यालयात दिलं. आरोप नाही, भाषण नाही, फक्त गणित. तिथून विचारणा झाली आणि मुख्याधिकाऱ्यांनी, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, दोन दिवसात पद्धत बदलली. ट्रॉल्या मोजून नंबर टाकले. बचत गटातल्या बाया दोन पाळ्यांत बसवल्या, एक जोडी भरायच्या जागी, एक नाल्याच्या वळणावरच्या दुकानाच्या गच्चीवर जिथून ट्रॉली वरून दिसते. तीन प्रतींची चिठ्ठी, एक ड्रायव्हरला, एक टाकायच्या जागी, एक नगरपालिकेत. त्यांची मजुरी नगरपालिकेनं वेगळ्या आदेशानं दिली, एजन्सीच्या बिलातून नाही. मुकादम पहिल्या दिवशी कुरकुरला, ‘ह्या बायांना ब्रासमधलं काय कळायलंय’. त्यातली एक मावशी म्हणली, ‘दादा, ब्रास तुमचं तुम्हाला, भरलेलं आन रिकामं आमाला कळतंय’.

शिवाय वजन. गावाजवळच्या जिनिंगचा काटा होता, कापूस अजून फारसा आला नव्हता त्यामुळं मोकळा होता, दहातली एक ट्रॉली तिथं वळवायची ठरलं, आणि कुठली वळवायची ते गच्चीवरची बाई सांगणार, ड्रायव्हर नाही. उसाची काटामारी सोसलेल्या माणसाला इथं काय काय होऊ शकतं ते शिकवावं लागत नाही, म्हणून रिकाम्या ट्रॉलीचं वजन पण दरवेळी घ्यायचं ठरवलं. भरलेला माल सरासरी तीन टनाच्या आसपास निघाला, म्हणजे बिलात धरलेल्या एका ब्रासपेक्षा कमीच. पहिल्या आठवड्याच्या गाळाला हे माप जसंच्या तसं लावता येत नाही, तेव्हा गाळ ओला होता आणि हा वाळलेला मिसळ माल. वजनावर पैसे दिले तर पाण्याचे पैसे जातात आणि ब्रासवर दिले तर हवेचे, म्हणून दोन्ही एकमेकांना पडताळायला ठेवायचे, एकट्यावर बिल काढायचं नाही. पण खेपांचा आकडा तर थेट ताडून बघता येतो ना? तेच ट्रॅक्टर, गल्लीपेक्षा मोकळी जागा, टाकायचं अंतर तेवढंच, आणि रोजच्या खेपा एका ट्रॅक्टरमागं वीसवरून दहा-अकरावर आल्या.

पैशाचं काय झालं ते सांगतो. नाल्याच्या कामाचं बिल चिठ्ठ्यांवर निघालं, वाद न होता. पहिल्या चार आठवड्यांच्या बिलातला निम्म्याहून जास्त भाग आधीच अदा झाला होता, उरलेला मुख्याधिकाऱ्यांनी रोखला. एजन्सीनं पत्र दिलं की रजिस्टरवर तुमच्याच निरीक्षकाची सही आहे, आता कशी नाकारता. कागदावर त्यांचं म्हणणं खोडायला कठीण आहे, आणि म्हणूनच मला त्या संध्याकाळच्या सहीची एवढी चीड येते. लेखापरीक्षणात मुद्दा निघेल, वसुली निघाली तर ती त्या निरीक्षकाच्या पगारातून निघायची शक्यता जास्त, आणि ज्यानं देखरेखीची रचना अशी ठरवली त्याची तोवर बदली झालेली असेल.

आता नवीन सभागृह आलंय. दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठक होते, त्यात बोटी, लाइफ जॅकेट, पोहणाऱ्यांची यादी, धोकादायक इमारतींना नोटिसा, सगळं येतं, गाळ आणि ढिगारा येत नाही. व्यापारी मंडळींनी आणि मी मिळून नगराध्यक्षांना अर्ज दिलाय की ह्या वर्षी विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. मशीन आणि ट्रॉलीचे दर पावसाळ्याआधी उघड निविदा काढून ठरवून ठेवायचे, पूर आला तर त्याच दरानं त्याच दिवशी काम सुरू, नाही आला तर एक रुपया द्यायचा नाही. मोजणाऱ्यांचा आदेश उचलणाऱ्याच्या आदेशाच्या आधी निघाला पाहिजे, रोजावर, बिलाच्या टक्क्यावर नाही. ट्रॉलीचा नंबर, अवर मीटरचं रीडिंग आणि चिठ्ठी ह्यातलं एक जरी नसलं तर ती खेप बिलात धरायची नाही. खाजगी घराला पंचनाम्याआधी हात लावायचा नाही, आणि भंगार मालकाचं, मालक नसेल तर नगरपालिकेचं, लिलाव करून. रोजच्या खेपांची बेरीज संध्याकाळी नगरपालिकेच्या दारावर फळ्यावर लिहायची, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर वाट बघायची पाळी कुणावर येणार नाही. नगराध्यक्ष म्हणाले घेतो. दोन वॉर्डांतल्या नगरसेविकांनी अर्जावर सह्या केल्यात, त्यातली एक त्या गच्चीवर चिठ्ठ्या फाडणाऱ्या गटातलीच आहे, आणि फळ्याची अट आणखी कडक करा, फोटो काढून वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, हे तिनं स्वतः पेनानं खाली लिहून दिलंय.